तिसऱ्या ओळीतलं हसू

४ मार्च, मुलुंड पूर्व

रेवू,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा तेवढा सोड.

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. तोवर मला वाटत होतं, तुझा फोन बिघडला आहे. मग बाबांच्या फोनवरून केला, तर तू उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्राला असं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा म्हणाले, "मुलुंडहून चारकोपला पत्र? सुहास, तू काय परदेशात राहतेस?" मी त्यांना स्टॅम्प आणायला पाठवलं.

ग्रुपवर लिहायला नको होतं, हे मी मान्य करते. पण माझी बाजू तू ऐकलीच नाहीस. तो फक्त आमच्या वर्गाचा ग्रुप होता. सव्वीस माणसं, सगळी साठीच्या पुढची. सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी ऋतिका आम्हाला आनंदाने जगायचं शास्त्र शिकवते. तूच म्हणाली होतीस ना, जा, घरात बसून काय करतेस? रोज नऊच्या आत त्या दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी ग्रुपवर लिहायच्या, हा तिचा नियम. नोव्हेंबरपासून मी एक दिवस चुकवलेला नाही. तुझ्याकडे राहायला आले तेव्हाही नाही.

अठरा जानेवारीला मी लिहिलं, "माझ्या मुलीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, त्याला आज नऊ दिवस झाले. तरीही आजच्या तीन चांगल्या गोष्टी. एक, ती सलग पाच तास झोपली. दोन, तिने अर्धी पोळी खाल्ली. तीन, ती आज पहिल्यांदा हसली."

ह्यात वाईट काय आहे, ते मला अजून सापडत नाही. कोणीतरी ते उचलून उगवत्या सूर्याच्या चित्रावर टाकेल, वर "दुःखातही हसायला शिका" आणि खाली माझं नाव, सुहासिनी गुप्ते, मुलुंड, असं लिहील, हे मला कसं कळणार? आणि ते फिरत फिरत तुझ्या ऑफिसातल्या अक्षताकडे जाईल, हे तरी? तू ऑफिसात अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं होतंस, हे मला कुणी बोललं नव्हतं.

तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तू एवढंच म्हणालीस, "आई, मी हसले नव्हते. घरी जा."

हसलीस गं तू. मी कुकरचं झाकण शोधत होते आणि ते माझ्याच हातात होतं, तेव्हा. मला चांगलं आठवतंय.

तुझी
आई


१७ मार्च

रेवती,

काल मिहिर आला होता. तुला सांगून आला की नाही, मी विचारलं नाही. माझे स्टीलचे डबे आणि शाल घेऊन आला. डबे घासून, पुसून, एकात एक घालून. त्यावरून मला कळलं की ते त्याने भरले, तू नाहीस. तू झाकणं कधीच मोजत नाहीस.

बाबा आत झोपले होते. मी चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

"आई, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"ती खरंच हसली होती?"

मी साखर घालत होते. "हो. झाकणावरून हसली. का रे?"

"काही नाही." मग म्हणाला, "मला वाटत होतं, तिला कुणासमोरच जमत नाहीये. म्हणजे फक्त माझ्यासमोरच जमत नाहीये, असं आहे ते."

"तसं नाही रे."

"मग कसं? मी घरात आलो की ती भिंतीकडे तोंड करते. मी विचारलं, तर म्हणते हसलेच नाही. तुम्ही म्हणता हसली. मी कुणाचं धरू, सांगा. हॉलमध्ये झोपतो मी, आई. दोन महिने झाले."

एवढा उंच जावई माझा, चौकटीला टेकून कप तसाच धरून होता. मी त्याला पुन्हा सांगितलं, हसली होती, पण त्याचा तसा अर्थ काढू नकोस. दुसरं काय सांगणार? नाही म्हटलं असतं तर तो मला काय समजला असता? म्हणजे, जे होतं तेच मी सांगितलं.

जाताना त्याने वाकून नमस्कार केला. तो कधी करत नाही.

तू त्याच्याशी नीट बोल गं. तो चांगला आहे.

आई


५ एप्रिल

रेवू,

दोन आठवडे रोज लिहायला बसते आणि उठते. वर्गात एक गृहपाठ आहे. ज्या माणसाचे आपण कधी नीट आभार मानले नाहीत, त्याला पत्र लिहायचं आणि त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचायचं. ऋतिका म्हणते, ह्यावर खूप संशोधन झालंय, महिनाभर माणूस हलका राहतो. रुक्मिणीबाईंनी त्यांच्या वहिनीला लिहिलं. ह्या रुक्मिणीबाई मूळच्या मालवणकडच्या, यजमान गिरणीत कामाला होते, आता पहिल्या मजल्यावर लेकाकडे राहतात. वाचून आल्या आणि म्हणाल्या, वहिनीने अर्ध्यातच विचारलं, "काय हवाय तुका?"

मी तुझं नाव लिहिलं. पुढे जाता आलं नाही.

आमच्या घाटकोपरच्या शाळेत सिस्टर फिलोमिना पत्रलेखन शिकवायच्या. पहिला परिच्छेद आभाराचा, दुसरा बातमीचा, तिसरा शुभेच्छांचा. इंग्रजीत ते फार सुंदर व्हायचं. दर शुक्रवारी त्या विचारायच्या, मुलींनो, कशा आहात? आणि आम्ही चाळीसजणी एका सुरात सांगायचो, छान आहोत, सिस्टर. माझी आई के.ई.एम. हॉस्पिटलात पडून होती त्या शुक्रवारीही मी सांगितलं. मला त्यात काही खोटं वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नाही. त्या सुरात उभं राहिलं की खरंच थोडं छान वाटायचं. परीक्षेच्या आधी सिस्टर एकच सांगायच्या: चुकलं तरी चालेल, जागा कोरी सोडू नका. माझी एकही जागा कधी कोरी राहिली नाही.

मी हे मराठीत लिहिते आहे कारण इंग्रजीत सॉरी फार पटकन होऊन जातं.

आता तुला एक सांगते, ते तुला आवडणार नाही. वर्गाचा मला उपयोग होतो. मी रात्री झोपते. पूर्वी बाबा घोरायला लागले की मी उठून बसायची, तुझं आठवायची. आता तीन गोष्टी लिहिते आणि झोपते. सकाळी खिडकीत कबुतरं आली तरी मी शिव्या देत नाही. माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही आणि मला झोप लागते, हे बरोबर आहे की चूक? ऋतिकाला विचारलं, तर ती म्हणाली, काकू, दोन्ही भावना एकाच वेळी असू शकतात. असू शकतात हे मला दिसतंच आहे. असाव्यात का, हे मला विचारायचं होतं.

परवा बाबांना मी झाकणाची गोष्ट सांगत होते. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "कधीची गोष्ट ही?"

"अठरा तारखेची."

"एकोणीसला तू मला फोन केला होतास. पोर तोंडातून आवाज काढत नाही, म्हणून रडत होतीस."

"ते वेगळं."

"बरं, वेगळं," म्हणाले आणि पान उलटलं.

मी पुन्हा आठवून बघितलं. झाकण माझ्या हातात होतं, ते नक्की. तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस, तेही नक्की. तुझी पाठ मला दिसत होती. पाठीवरून कळतं का गं माणूस हसलंय ते?

आई


२३ एप्रिल

रेवती,

तू हसली नव्हतीस.

ही ओळ मी आधी लिहिली, कारण खाली लिहिली असती तर मी तिच्यापर्यंत पोचले नसते.

साडेआठ वाजले होते. मिहिर औषध आणायला गेला होता. मी तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोनवर लिहीत होते. झोप झाली, एक. पोळी झाली, दोन. तिसरी सापडेना. मी घरभर बघितलं, खरंच बघितलं, डबे उघडल्यासारखं. काहीच नव्हतं. तुझी पाठ होती. नऊला पाच कमी असताना मी तिसरी लिहिली. मला जे फार हवं होतं ते लिहिलं, आणि लिहिल्यावर ते झालं आहे असं मला वाटलं. झाकणाची गोष्ट खरी आहे, पण त्यावर मी एकटीच हसले होते.

त्यानंतर तीन महिने मी त्याला चिकटून राहिले. तुला खोटं पाडलं. मिहिरसमोर, चहात साखर घालताना.

आज सकाळी मिहिरला फोन केला. तो ऑफिसला निघाला होता. मी म्हटलं, "ती हसली नव्हती. मी मनाने लिहिलं." मला मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाला, "मार्चमध्ये का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"मी तिला खोटारडी म्हणालो, आई." आणि थोड्या वेळाने, "बरं झालं सांगितलंत," असं म्हणाला, पण बरं झाल्यासारखा आवाज नव्हता.

काल वर्गातही सांगितलं. उभी राहिले आणि सांगितलं की अठरा जानेवारीची माझी तिसरी गोष्ट खोटी होती. मला वाटलं होतं, हॉलमध्ये शांतता पसरेल. ऋतिका म्हणाली, "काकू, तुम्ही स्वतःवर फार कडक होताय." तेवढ्यात रुक्मिणीबाई मागून म्हणाल्या, "मग काय झालां? माका तिसरी कधी गावताच नाय. मी रोज 'चाय बरी झाली' लिवतंय. चाय काय रोज बरी होता?"

सगळे हसले. दशरथराव म्हणाले, "मी तर कालच्याच तीन आज टाकतो. कुणी बघतंय?" मग एकेक करून निम्मा वर्ग कबूल झाला. कुणी नातवाचा फोन आला म्हणून लिहितं, आणि फोन आलेला नसतो. कुणी फिरायला गेलो म्हणून लिहितं. चेष्टा चालली होती आणि मी मधे उभी होते. त्यांच्या खोट्या चहाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मला बसावं की उभं राहावं, कळेना.

सगळे गेल्यावर ऋतिका खुर्च्या लावत राहिली. पाठमोरीच म्हणाली, "काकू, पुस्तकात होतं ते मी तुम्हाला दिलं. तुम्ही ग्रुपवर ते लिहिलंत तेव्हा मीच पहिलं हार्ट टाकलं होतं. नऊ दिवसांपूर्वी ज्या घरात असं झालंय तिथे तीन गोष्टी शोधायला जाऊ नका, हे मी सांगायला हवं होतं. सुचलंच नाही." तिच्या हातून एक खुर्ची पडली. अठ्ठावीस वर्षांची आहे ती, रेवू. मी तिला खुर्च्या लावायला मदत केली.

वर्ग सोडावा का, मला कळत नाही. काल रात्री काहीच लिहिलं नाही, तरी झोप लागली. मग इतके दिवस कशाने लागत होती?

तुझी माफी मागते. ह्यापुढे आणखी काही जोडत नाही.

आई


१४ मे

रेवू,

तुझा मेसेज काल दुपारी आला. मी तो इतक्या वेळा वाचला की बाबा म्हणाले, एवढी दीड ओळ आहे, पाठ झाली असेल. "पत्रं मिळाली. सगळी वाचली नाहीत. २२ ला येशील? मिहिरला सुट्टी नाही, चारपर्यंत मी एकटी आहे. काही बोलू नकोस."

बावीस तारीख म्हणजे काय, ते मला माहीत आहे. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख मी तेव्हा कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक गोल करून ठेवली होती. जानेवारीत खोडून टाकली. पण मे उलटून वर आला, तर गोलाचा डाग दिसतोच.

मी मेसेजला उलट "हो" एवढंच पाठवलं. आधी मोठं लिहिलं होतं, ते पुसलं. म्हणून हे पत्र.

मला भीती वाटते आहे. बोलू नकोस म्हणालीस, पण मग करू काय? बाबांना विचारलं.

"बस," म्हणाले.

"नुसती?"

"तिने सांगितलंय ना, बोलू नको."

"पण ती रडायला लागली तर?"

"तर रडेल. सुहास, तू दुसऱ्याला रडूसुद्धा देत नाहीस गं. लगेच टॉवेल घेऊन धावतेस." बाबा असं कधी बोलत नाहीत. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी विचारलं, दूध आणायचंय का.

काल वर्गात सांगितलं की मी बावीसच्या आधी ग्रुपवर काही लिहिणार नाही. का, ते सांगितलं नाही. ऋतिकाने विचारलं नाही. तिने आता नियम बदलला आहे. ज्याला जेवढ्या सुचतील तेवढ्या, आणि नाही सुचल्या तर फोन बाजूला ठेवायचा. रुक्मिणीबाई वैतागल्यात. म्हणतात, मग शिकवणार काय?

मी अकरापर्यंत येते.

आई


२३ मे

रेवू,

काल जे झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल.

दारात चप्पल काढतानाच मी "किती ऊन आहे" म्हणाले आणि जीभ चावली. तू जमिनीवर बसलीस, कपाटाला टेकून, म्हणून मीही बसले. माझ्या गुडघ्यातून आवाज आला. एक तास झाला. मी तुझ्या खोलीतल्या पंख्याची तिन्ही पाती पाठ केली. तू चहा केलास, मी तो प्यायले. चहा चांगला झालाय म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. पावणेदोन वाजता मी तुझी अट मोडली. मला माफ कर, पण ती ठरवून मोडली नव्हती. मी तुझ्याकडे बारा दिवस राहिले होते. काढा दिला, पोळ्या केल्या, तीन चांगल्या गोष्टी लिहायला वही आणून दिली, आणि त्या दिवशी दवाखान्यात काय झालं, हे मी तुला एकदाही विचारलं नव्हतं. पंख्याकडे बघताना मला हे अचानक कळलं. म्हणून विचारलं.

तू पटकन उत्तर दिलंस, जसं काही ओठांवरच होतं. "नर्सने विचारलं, बघायचंय का. मी नाही म्हटलं. मिहिर गेला, बघून आला. कागदावर मुलगी लिहिलंय. कशी होती ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चार महिने झाले, आई."

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. बरं झालं नाही बघितलंस. अजून वय आहे. मिहिर सोन्यासारखा आहे. सगळी खरीच असतील. मी ती एकेक करून गिळली.

"आता काहीतरी चांगलं म्हणशील," तू म्हणालीस.

"नाही."

"म्हण ना. मी तयार आहे."

"मला काही सुचत नाहीये, रेवू."

तू माझ्याकडे बघितलंस. जानेवारीपासून पहिल्यांदा, नीट. मग कपाटावर डोकं टेकून तू रडलीस आणि मी टॉवेल आणायला उठले नाही. तुला ते दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही, पण माझा एक पाय उठलेला होता, मी तो परत खाली ठेवला.

"मला मिहिरला विचारायचंय," तू म्हणालीस. "एकटीने नाही जमणार. तू थांबशील?"

चारच्या पुढे तो आला. हातात हेल्मेट होतं. आम्हाला दोघींना जमिनीवर बघून तो दारातच थांबला. तू विचारलंस, "मिहिर, कशी होती ती?"

मला वाटलं, तो बाहेर निघून जाईल. तो हेल्मेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी बोटं होती. लांब लांब. हाताची." आणि मग तो तिथेच, बूट न काढता, खाली बसला.

मी तेव्हा उठले. पुढचं ऐकायचा माझा हक्क नव्हता. तू मागून लिफ्टपर्यंत आलीस, अनवाणी, चेहरा न पुसता. मी बटण दाबलं होतं. तू म्हणालीस, "मंगळवारी ये."

मी "बरं" म्हटलं. मंगळवारी माझा वर्ग असतो, ते सांगितलं नाही. आता लिहिलं म्हणून मनात आणू नकोस, शुक्रवारचा वर्ग आहेच. तो मी सोडणार नाही, असं आज वाटतंय. उद्या काय वाटेल, माहीत नाही.

बसमध्ये मला आनंद झाला, रेवू. त्याच वेळी मी रडतही होते. त्या मुलीच्या बोटांसाठी, जी मी कधी मोजली नाहीत. शेजारच्या बाईने काही न विचारता मला खिडकीची जागा दिली. पवईपर्यंत मी ठरवत होते की ह्यातलं काय कशात धरायचं, आणि मग सोडून दिलं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सांगता येत नाही." ते म्हणाले, "बरं," आणि माझ्यासाठी पाणी आणलं. गुडघा दुखत असताना.

मंगळवारी अकराला येऊ की जेवून दुपारची येऊ, तेवढं कळव. काही आणायचं असलं तर सांग. नसलं तर नुसती येते.

आई